परग्रही यानांचा बडेजाव

विज्ञानकथांवर रचलेल्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये शेवटास एखादे डोंगराएवढे परग्रही यान आकाश झाकोळीत आणावयाचे, त्याच्या पोटाशी चार-दोन तांबडे दिवे लुकलुकत ठेवावयाचे, आणि ते दिवे फुटताच सारा डोलारा कोसळवून खेळणाऱ्याच्या पदरी विजय टाकावयाचा, हा शिरस्ता आता इतका रूढ झाला आहे की, या धंद्यातील कल्पक मंडळींना त्याचा वीट कसा येत नाही, याचेच नवल वाटते. यान जितके मोठे तितका शत्रू भयंकर, हा हिशेब मला मुळीच मान्य नाही.

ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तेव्हा पडद्याच्या माथ्यावरून मधूनच सरकत जाणारी तबकडी ही निव्वळ जादा गुणांची बक्षिसी होती. खरी धास्ती होती ती खाली उतरत येणाऱ्या रांगांची. त्यांतील एकेक प्राणी मेला की उरलेल्यांची चाल वाढे, आणि मौज अशी की, ही करामत आधी कोणी योजलेली नव्हती. काढावयाची चित्रे कमी झाल्याने यंत्रावरील भार हलका होई, इतकेच. पुढे 1980 च्या ‘फीनिक्स’मध्ये मातृयान अवतरले. त्याचे बूड गोळ्यांनी पोखरून, मधला फिरता पट्टा भेदून, आत बसलेल्या परग्रहवासीयाला टिपावयाचे, या तजविजीत किल्ल्याला सुरुंग लावण्याची गोडी होती. त्यानंतर यंत्रे बलाढ्य झाली, याने फुगत गेली. तजवीज मात्र बहुधा तीच राहिली.

याला सणसणीत अपवाद म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या 2004 मधील ‘हाफ-लाइफ 2’ या खेळातील गनशिप. आकाराने ती काही शहर झाकणारी नव्हे. पण अर्धे यंत्र आणि अर्धे जनावर अशा या यानाशी न्यू लिटल ओडेसा नामक किनाऱ्यावरील वस्तीत गाठ पडते, तेव्हा नेम उत्तम असूनही भागत नाही, असे ध्यानात येते. खांद्यावरून सुटणारा अग्निबाण लेसरच्या तांबड्या ठिपक्यामागे धावतो खरा, परंतु तो सरळ सोडावा तर गनशिप त्याला हवेतच गोळ्या घालून पाडते. मग ठिपका बाजूच्या रिकाम्या आभाळात न्यावा, अग्निबाणाला वळसा घालू द्यावा, यानाची तोफ त्याच्या मागे वळली की ठिपका झटकन त्याच्या कुशीवर आणावा, तेव्हा कोठे तडाखा बसतो. आणि त्या तडाख्यासरशी ते यान जखमी श्वापदासारखे कळवळून ओरडते. शत्रू आपल्याकडे पाहतो आहे, आपले हत्यार ओळखतो आहे, ही जाणीव कोणत्याही अजस्र पोलादी पोटातून उत्पन्न होत नाही.

आपल्या महाभारतकारांना हे पुरते ठाऊक होते. वनपर्वात शाल्व आपल्या सौभ नामक आकाशगामी नगरातून श्रीकृष्णाशी लढतो, त्या वेळी सौभाची लांबी-रुंदी कोणाच्या स्मरणात राहत नाही. स्मरणात राहते ती शाल्वाची माया, वसुदेवाचा देह सौभातून खाली पडत असल्याचा तो आभास, ज्याने प्रत्यक्ष श्रीकृष्णही क्षणभर हतबल झाला. सुदर्शनाने सौभाचे दोन तुकडे झाले ते त्यानंतर.

भव्यतेला काही मोलच नाही काय, असे कोणी विचारील. आहे, अवश्य आहे. क्षितिजावर तरंगणारे महायान पाहून ऊर दडपावा, यात गैर काही नाही. फक्त त्याला देखावा म्हणावे आणि देखाव्याच्या जागी ठेवावे. त्याच्या अंगावर दिवे टांगून त्याला प्रतिपक्षाचा सेनापती नेमण्याचे फर्मान काढले की, खेळणारा नकाशातील खुणा पुसणारा कारकून बनतो. याउलट, त्याच गनशिपला ‘हाफ-लाइफ 2’च्या 2006 मधील ‘एपिसोड वन’ या पुढील भागात एका इस्पितळाच्या माळ्यावर सोडले आहे. तेथे ती छपराच्या फळ्या उडवीत जाते. आडोसा कमी होत जातो, आभाळ अधिकाधिक उघडे पडते, आणि अग्निबाणासाठी धावावे तर मध्ये लपावयास जागा उरलेली नसते. एवढी दहशत बसवावयास त्या कारागिरांना एक मोडका माळा पुरला.