बहात्तर तासांवर भिस्त

पुन्हा तेच. मंचर परिसरातल्या एका संस्थेचं सर्व्हर खरेदीचं मागणीपत्रक या आठवड्यात पाहण्यात आलं. टेराबाइट, कोअर, वॉरंटी, सगळं जागच्या जागी. अचानक वीज गेली तर लिहिता लिहिता अर्धवट राहिलेल्या डेटाचं काय, यावर मात्र एक ओळ नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "यूपीएस आहे ना!"

यूपीएस असतोच. पण सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळला, पाय अडकून केबल निघाली किंवा यूपीएसच बसला, तर हाताशी उरतात फार तर १५-२० मिलिसेकंद, म्हणजे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं जेमतेम एक आवर्तन. तेवढ्यात कॅशमधला, म्हणजे लिहिण्याआधी तात्पुरत्या मेमरीत थांबलेला डेटा ड्राइव्हवर उतरत नाही.

यावरचा जुना तोडगा म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डाला जोडलेली बॅटरी. वीज नसताना ती कॅशची रॅम जिवंत ठेवते, साधारणपणे ७२ तासांपर्यंत. नव्या कार्डांवर सुपरकॅपॅसिटर असतो. तो रॅम सांभाळत बसत नाही. वीज गेली की थोडा वेळ पुरेल एवढ्या ऊर्जेवर कॅशमधलं सगळं शेजारच्या फ्लॅशमध्ये उतरतं. पुढे वीज चार तासांनी येवो नाहीतर चार आठवड्यांनी.

खरा फरक इथेच आहे. बॅटरीची रचना वीज वेळेत परत येईल या भरवशावर उभी आहे, आणि मंचरजवळच्या अवसरी खुर्दमध्ये तो भरवसा कुणी धरू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. चौथ्या दिवशी त्या बॅटरीत काय उरलं असतं?   अशा विजेवर डेटा सोडायचा?

शिवाय बॅटरी गुपचूप म्हातारी होते. ती कमजोर झाली की बहुतेक कार्डं कॅशमधून लिहिणं थांबवून थेट डिस्कवर लिहू लागतात. मग "सर्व्हर स्लो झालाय" अशी ओरड सुरू होते आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो. सुपरकॅपॅसिटरही अमर नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. सुट्टीत सर्व्हर रूमचा एसी बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अचानक वीज जाण्याचा हा धोका एसएसडीलाही आहे. २०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. १३ मध्ये काही ना काही बिघाड दिसला. सर्व्हरसाठीच्या चांगल्या ड्राइव्हमध्ये बोर्डाच्या कडेला कॅपॅसिटरची रांग असते, स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये ती जागा रिकामी. सर्वात कमी दराची निविदा मंजूर करताना नेमकी हीच रांग गळते.

अवसरीत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. तिथल्या मुलांना एसएसडीचा हा बोर्ड उघडून दाखवा. आणि पुढच्या मागणीपत्रकात 'पॉवर लॉस प्रोटेक्शन आवश्यक' एवढं लिहाच. माल ताब्यात घेताना ते आहे की नाही, हेही तपासा.