घाम गाळूनही पोट का सुटलेलं?

"डॉक्टर, आठवड्यातून पाच दिवस जिम, रविवारी सिंहगड, तरी पोट तसंच!" यावर जिममध्ये उत्तर मिळतं, "अजून घाम गाळा." हा सल्ला चुकीचा आहे. घाम म्हणजे पाणी; वितळलेली चरबी नव्हे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. सारख्या बीएमआयला भारतीयांत सरासरी चरबी जास्त, हे पुढे अनेक अभ्यासांत दिसलं. तेव्हा पोट दिसलं की 'आळशी' म्हणणं थांबवा!

पण गड चढून खर्च केलेलं वरची कांदाभजी आणि गोड चहा दहा मिनिटांत परत देतात, हेही खरं.

व्यायाम सोडू नका. त्याने साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहतो, स्नायू टिकतात. चरबीचा निकाल मात्र मुख्यतः ताटात लागतो: तळलेलं-गोड कमी, भात-पोळी बेताची, डाळ-उसळ आणि भाजी जास्त. नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटीमीटरच्या आत राहावं.