सुपरमॅनने वाटलेले धान्य

दर आठवड्याला या पानावर आपण खत, कीड, बियाणे यांच्या गोष्टी बोलतो. आज जरा आडवाटेने जायचे आहे. घाबरू नका, फिरून आपण बियाण्यापाशीच येणार आहोत.

गणपतीला माझा भाचा पुण्याहून आला होता. जाताना चित्रकथांच्या पुस्तकांनी भरलेली पिशवी माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "मामा, वाचून बघा. यातला सर्वांत ताकदवान माणूस शेतकऱ्याच्या घरी वाढलेला आहे." आमच्या घरातून लगेच शेरा आला, "पन्नाशी उलटली आणि आता चित्रं बघत बसणार!" पण खरे सांगतो, लहानपणी एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ उभ्याउभ्या वाचून मी दोन गाड्या चुकवलेल्या आहेत. ही मालिका १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. तेव्हा सवय जुनीच होती, फक्त मोडली होती.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी जेवणाआधी वाचत होतो. त्यातल्या तीन पुस्तकांविषयी सांगतो.

आधी हा सुपरमॅन कोण ते थोडक्यात. क्लीव्हलँड या अमेरिकेतल्या गावचे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन तरुण. एकाने गोष्ट रचली, दुसऱ्याने चित्रे काढली. १९३८ साली तेरा पानांची पहिली कथा छापली गेली. पानाला दहा डॉलर, म्हणजे एकूण १३० डॉलर मिळाले आणि त्या पैशात सगळे हक्कही लिहून दिले गेले. फुलोऱ्यातले उभे पीक व्यापाऱ्याला लिहून देणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. पुढे खूप भांडण झाल्यावर १९७५ साली, दोघेही साठी ओलांडल्यावर, त्यांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि पुस्तकावर नाव मिळाले. त्या पहिल्या अंकाची एक जुनी प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेली.

गोष्ट अशी आहे की दूरचा एक ग्रह फुटतो, तिथले एक तान्हे बाळ यानातून पृथ्वीवर पडते आणि जोनाथन व मार्था केंट या शेतकरी जोडप्याला सापडते. त्यांचे शेत कॅन्सस राज्यातले. हा मुलूख गव्हाचा. तिथे गहू पेरतात आपल्या रब्बीच्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पण तो सगळी थंडी जमिनीत काढतो आणि कापणीला जून उजाडतो. मुलाचे नाव क्लार्क ठेवतात. तो उडू शकतो, डोंगर उचलू शकतो, गोळी त्याला लागत नाही.

पहिले पुस्तक 'सुपरमॅन फॉर ऑल सीझन्स'. जेफ लोब यांनी लिहिलेले, टिम सेल यांनी चितारलेले, १९९८ सालचे. चार ऋतू, चार भाग आणि प्रत्येक भाग सांगणारा माणूस वेगळा. वसंत ऋतूचा भाग बाप सांगतो. मला सगळ्यांत तोच आवडला. पोरगा आपल्यापेक्षा मोठा झालाय, हे शेत त्याला आता पुरणार नाही, हे बापाला कळते आहे आणि तोंडाने बोलता येत नाही. आपल्या घरोघरी हे चालले आहे. फरक इतकाच की आपली पोरे उडत नाहीत, एसटीने जातात. माझी एक तक्रार मात्र आहे. चित्रांत शेत मोठे देखणे आहे, पण त्या शेताचा जमाखर्च कुठे दिसत नाही. खताचे बिल, बँकेचा हप्ता, मजुरी, काही नाही. ज्याचा मुलगा एका हाताने ट्रॅक्टर उचलतो त्याला डिझेलची काळजी नसेल कदाचित.

दुसरे पुस्तक 'स्वॅम्प थिंग'. हा दलदलीतला हिरवा प्राणी १९७१ साली जन्मला. मी वाचले ते ॲलन मूर यांनी १९८४ पासून लिहिलेले भाग. ॲलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ वाळवंटातसुद्धा पीक उगवेल असे औषध शोधत असतो. प्रयोगशाळेत स्फोट होतो, तो जळत दलदलीत जाऊन पडतो आणि वनस्पतींचा माणूस होऊन बाहेर येतो. मूर यांनी पुढे कलाटणी दिली आहे. त्या प्राण्याची चिरफाड केल्यावर आत फुप्फुसासारखे, मूत्रपिंडासारखे अवयव सापडतात, पण त्यातले एकही काम करत नाही. म्हणजे तो हॉलंड नव्हेच. हॉलंड मेला आणि त्याची आठवण शोषून घेतलेली झाडे स्वतःला माणूस समजत राहिली. वनस्पतिशास्त्र म्हणून मी याला पास करणार नाही, पण गोष्ट म्हणून अंगावर काटा आला. बाकी कुठेही काहीही उगवणारे औषध आपल्याही तालुक्यात दर हंगामात नव्या नावाच्या बाटलीत येते. त्याने स्फोट होत नाही, फक्त खिसा जळतो.

आता तिसरे. त्याच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला बसलो. 'सुपरमॅन: पीस ऑन अर्थ'. लेखन पॉल डिनी यांचे, चित्रे ॲलेक्स रॉस यांची. १९९८ च्या शेवटी निघालेले मोठ्या आकाराचे, चौसष्ट पानांचे पुस्तक. चित्रे रंगवलेली आहेत, अगदी फोटोसारखी. इंग्रजी न येणाऱ्यालाही निम्मी गोष्ट पाने उलटताना कळते.

नाताळचे दिवस असतात. सुपरमॅन शहराच्या चौकात भले मोठे झाड आणून उभे करतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि त्या गर्दीत त्याला एक पोर दिसते. उपाशी, चक्कर येऊन पडायला आलेली. त्याच्या मनात येते, आपल्या अंगात एवढे बळ आहे तर एक दिवस तरी जगात कोणी उपाशी राहू नये. तो अमेरिकेच्या संसदेपुढे उभा राहून जास्तीचे धान्य मागतो. धान्य मिळते. मग आगगाडीच्या डब्यांपेक्षा मोठ्या पेट्या उचलून तो देशोदेशी उडत जातो.

पुस्तक इथेच संपले असते तर मी बाजूला ठेवून दिले असते. पण पुढे तो हरतो. कुठे लोक त्याला पाहून आनंदतात, कुठे घाबरतात, कुठे धान्यासाठी एकमेकांना तुडवू लागतात. कुठे बंदूकवाले सत्ताधीश लोकांच्या आणि धान्याच्या मध्ये उभे राहतात. शेवटी एका ठिकाणी त्याच्यावर क्षेपणास्त्र येते. त्याला काही होत नाही, धान्य मात्र वाया जाते. दिवस मावळतो. काम अर्धेसुद्धा झालेले नसते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अमेरिकेपेक्षा आपलेच दिवस आले. कारण तिथले जास्तीचे धान्य खरोखर समुद्र ओलांडून इकडे आलेले आहे. १९५४ साली अमेरिकेने पीएल ४८० हा कायदा केला आणि त्याखाली बोटी भरभरून गहू भारतात आला. १९६६ या दुष्काळी सालात बाहेरून आणलेले धान्य सुमारे एक कोटी टन होते. ७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या आणि तलावाच्या कामावर जाणाऱ्या माझ्या आईने लाल मिलोच्या भाकरी केल्या. ती सांगायची, भाकरी थापताना चिरा पडायच्या आणि खाताना पोरं तोंड वाकडं करायची, पण खायची. त्या मिलोला आणि सुकडीला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. त्यावर माणसे जगली.

पण वाटलेल्या धान्याबरोबर काय काय येते ते चित्रकथेत कोणी काढत नाही. आपल्या बांधावरचे गाजरगवत घ्या. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले, आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गहू खाऊन संपला. गवत अजून उपटतो आहोत, मेक्सिकन भुंगे सोडतो आहोत.

आता याच्याच शेजारचा दुसरा आकडा बघा. त्याच १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे बियाणे आणले, लर्मा रोहो आणि सोनोरा. किती? अठरा हजार टन. म्हणजे खायच्या धान्याच्या साडेपाचशे पोत्यांमागे बियाण्याचे एक पोते. १९६४-६५ साली देशाचा गहू १ कोटी २३ लाख टन होता, १९६७-६८ मध्ये तो १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका आल्या. नुसत्या बियाण्याने हे झाले नाही. पाणी होते, खत होते, खरेदीचा भाव होता आणि किती खोल पेरायचे ते बांधावर उभे राहून दाखवणारी माणसे होती. बुटका गहू जुन्या गव्हाइतका खोल पेरला तर उगवतच नाही, हे आधी लोकांना दाखवावे लागले.

हे मी मोठ्या तोंडाने लिहितो आहे, पण आता माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर या पानावर लिहिलेली नाही.

नोकरीची पहिली वर्षे होती. मृगाचे दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी तुरीची चाळीस मिनीकिटे घेऊन गेलो. चावडीपुढे लोक जमवले, नावे वाचली, सह्या-अंगठे घेतले, पाकिटे दिली. तासाभरात सगळे आटोपून परतीची एसटी पकडली. मनात म्हटले, काय झटपट काम झाले!

आठ दिवसांनी फिरतीवर पुन्हा गेलो. वस्तीवर एका म्हातारीच्या दारात परात होती आणि परातीत तूर भिजत घातलेली. पाणी गुलाबी झाले होते. माझे पाय जागीच थबकले. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले होते.

"आजी, हे काय केलंत?"

"डाळ करावी म्हनलं. सरकारनं खायालाच दिली न्हवं?"

पाकिटावर सूचना छापलेली होती. बारीक अक्षरात. म्हातारीला वाचता येत नव्हते आणि ज्याला येत होते तो मी तर एसटी पकडून निघून गेलो होतो. परातीतले सगळे खड्डा करून पुरले, परात राखेने तीनदा घासायला लावली. म्हातारी बघत उभी होती. म्हणाली, "मग आता खाऊ काय?" मी खिशातून पैसे काढले. तिने घेतले नाहीत.

त्यानंतर त्या गावात मी घरोघर फिरून मोजले. चाळीसपैकी एकोणीस पाकिटे पेरली गेली होती. काही विकली गेली होती, काही फळीवर पडून होती. आणखी दोन घरांत खायच्या तुरीशेजारीच ठेवलेली होती. ती मी वेगळी काढली. अहवालात मात्र चाळीस पाकिटांचे वाटप पूर्ण असे मी आधीच लिहून मोकळा झालो होतो. पुढच्या मृगात त्या म्हातारीच्या नातवाबरोबर तिफणीमागे चाललो, तेव्हा कुठे ती माझ्याशी पुन्हा बोलली.

म्हणून सुपरमॅनचे हरणे मला खोटे वाटले नाही. त्याच्या पुस्तकाच्या शेवटी तो निळी-तांबडी वस्त्रे उतरवून साध्या कपड्यांत एका शेतावर जातो आणि पोरांना बी कसे पेरायचे ते दाखवतो, जसे त्याला जोनाथन केंटने दाखवले होते. पाने चांगली आहेत, पण लेखकाशी माझे एक भांडण आहे. उडण्याला पानेच्या पाने आणि पेरणीला शेवटची थोडीशी जागा! खरी गोष्ट तिथून सुरू होते. पोरांनी दाखवल्यासारखे पेरले का? पाऊस लांबला तेव्हा दुबार पेरणीला बी कुठून आणले? त्याने ऐकून घेतले का, की नुसतेच सांगितले? एवढा सगळा हंगाम काढणारे पुस्तक कोणी काढले तर मी पदरमोड करून घेईन.

काही आया मला विचारतात, पोरांनी असली पुस्तके वाचावीत का? माझे मत, वाचू द्या, आणि एखादे आपणही शेजारी बसून बघा. वेताळाने मला बिघडवले नाही, वाचायची गोडी लावली. पोर पान उलटत असताना सहज विचारा, "एवढं धान्य आणलं खरं, पण उतरवणार कोण, ठेवणार कुठं?" आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलीला मी हे विचारले तर ती म्हणाली, "रेशन दुकानात. आणि मग ते दुकान बंद असणार."

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, कोणतं आवडलं?" मी सांगितले. तो म्हणाला, "त्यात तर मारामारीच नाही!" पिशवी दिवाळीत न्यायला येणार आहे. 'पीस ऑन अर्थ' मात्र मी ठेवून घेतो म्हणून सांगितले आहे.

पुढच्या अंकात हरभऱ्याची बीजप्रक्रिया. आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर रायझोबियम, क्रम उलटा करू नका. आणि औषध चोळलेले बियाणे आजच वेगळ्या डब्यात काढा, त्यावर लाल फडके बांधा, घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना, तो डबा हाताने दाखवून ठेवा.