हार बॉनेटला, गंज पोटाला

दसऱ्याच्या सकाळी वाशिमच्या कुठल्याही गल्लीतून फेरी मारा. दारापुढे धुऊनपुसून उभी केलेली गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी काही घरांत ती अजून घरच्या माणसासारखी सांभाळली जाते. फक्त तिच्या पोटाखाली वाकून कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. एक दिवस पायाखालची चटई उचलली, तर पत्र्याच्या भोकातून रस्ता दिसला!

आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, मग गंज कसला, अशी आपली समजूत. पण लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. मिठाने फक्त वेग वाढतो. कपाशी-सोयाबीनला पोसणारी आपली काळी माती ओल धरून ठेवते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने आलेली गाडी तीच माती मडगार्डच्या आत, सांदीकोपऱ्यांत घेऊन येते. गाडी वरून वाळते. आत मात्र माती ओल्या पोटिसासारखी पत्र्याला चिकटून राहते. दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रेही तिने बुजतात.

मग कोणी सांगतो, ‘खालून डांबरी लेप मारून टाका.’ गंजावर थेट लेप मारणे ही खरी चूक. ओल आत कोंडते आणि गंज नजरेआड वाढत राहतो. आधी गाडी खालून धुऊन पूर्ण वाळवावी, तारेच्या ब्रशने सुटा गंज खरवडावा, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावावे. मग प्रायमर आणि शेवटी, सायलेन्सर व ब्रेकचे भाग वगळून, लेप. जळके ऑइल फवारण्याचा स्वस्त उपाय तर नकोच. त्याने रबरी भाग बिघडतात आणि जमीनही नासते.

प्रश्न केवळ पत्र्याचा नाही. ब्रेक ऑइलच्या पोलादी नळ्या गाडीच्या पोटाखालूनच जातात. त्यातली एक गंजून फुटली, तर ऐन वेळी ब्रेक दगा देतो. आणि मागच्या सीटवर आपलीच मुले बसलेली असतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करताना तपासणी होते खरी, पण तोवर गंज थांबत नाही.

तेव्हा यंदा हार घालण्याआधी गाडी मिस्त्रीच्या रॅम्पवर चढवा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली पाहा. घरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नका. रंगरंगोटीचा खर्च एक वर्ष पुढे ढकलला तरी चालेल.