नको म्हणायला दार बंद कशाला?

आमच्या इच्छापोरच्या वसाहतीत यंदा उन्हाळ्यात बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरला. दोन ख्रिस्ती बाया दुपारच्या वेळी पुस्तकं घेऊन दारोदार फिरतायत. दार उघडू नका, पाणीसुद्धा देऊ नका, फोटो काढून ग्रुपवर टाका, वॉचमनला हाक मारा. शेवटी जोडलेले हात आणि 'जय जिनेंद्र'. खाली अंगठ्यांची रांग. त्यातल्या बऱ्याचजणी आपल्याच, पाठशाळेत पोरांना नवकार शिकवणाऱ्या.

मला भांडायचंय ते त्यातल्या 'पाणीसुद्धा' या शब्दाशी. एप्रिल-मेमधलं हजिरा रोडचं ऊन काय असतं, ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. ट्रकांची धूळ आणि सावली औषधालाही नाही. याच दिवसांत आपण गॅलरीत चिमण्यांसाठी कुंडी टांगतो, रस्त्याच्या तोंडाशी पाणपोई लावतो आणि तिच्यावर देणाऱ्याच्या नावाची पाटीही लावतो. पाटीशिवाय एक तांब्या पाणी द्यायची वेळ आली की मात्र धर्म आडवा येतो.

सुरतेच्या पांजरापोळीचा आपल्याला अभिमान. असावाच. १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेत आला होता. त्यानं आपल्या प्रवासाच्या पुस्तकात इथल्या जनावरांच्या दवाखान्याबद्दल लिहून ठेवलंय. म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांना बनिये लोक मरेपर्यंत सांभाळतात हे त्याला नवल वाटलं. पण त्यानं आणखी एक गोष्ट लिहिली, ती आपण व्याख्यानात सांगत नाही. ढेकूण-पिसवांनाही खायला मिळावं म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत, असं तो सांगतो. परक्या माणसाचं लिहिणं, त्यात तिखटमीठ असेल. तरी ती खाट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जीवदया ढेकणाची आणि रक्त गरिबाचं! आपली दया माणसापाशी आली की अडखळते ही तक्रार आजची नाही.

महिला मंडळात मी हा विषय काढला, तेव्हा एका वयस्कर बाईंनी मला रेवती राणीची आठवण करून दिली. आम्ही सांगलीकडचे दिगंबर, अमूढदृष्टी म्हटलं की आमच्याकडे रेवतीचंच नाव निघतं. मथुरेच्या वेशीवर ब्रह्मा, विष्णू, महेश अवतरलेत म्हणून सगळं गाव लोटलं, राणी जागची हलली नाही. "अशी दृढता हवी," बाई म्हणाल्या. हवीच. पण कथा तिथं संपत नाही. ज्या क्षुल्लकानं ही माया रचली, तोच पुढं आजारी, खंगलेला होऊन तिच्या वाड्यापाशी कोसळला. राणीनं त्याला घरात आणलं, जेवू घातलं, त्यानं ओकलं ते स्वतः काढलं आणि आपल्याच हातून अपथ्य वाढलं गेलं म्हणून हळहळली. तो क्षुल्लकाच्या वेशात होता, आपलाच होता, असं कुणी म्हणेल. कबूल. मी एवढंच म्हणते, जिची श्रद्धा हलत नाही तिच्या हाताला सेवेची भीती वाटत नाही. ही दोन्ही कामं एकाच बाईनं केली, आणि आपण तिचं अर्धंच नाव घेतो.

आमच्या शेजारच्या भाभी श्वेतांबर. त्यांनी उपासकदशांगातला आनंद श्रावक पुढं केला. त्यानं भगवंतांसमोर नियम घेतला होता, अन्यतीर्थिकांना वंदन करणार नाही, आपणहून बोलणार नाही, आहारपाणी देणार नाही. आम्ही ते आगम प्रमाण मानत नाही, पण वाचायला कुणी अडवलेलं नाही, म्हणून मी वाचलं. अभयदेवसूरींनी टीकेत स्वच्छ सांगितलंय की हा निषेध धर्मबुद्धीनं, म्हणजे गुरू मानून देण्याचा आहे. करुणेनं द्यायला हरकत नाही. दानाच्या प्रकारांत सुपात्रदानाशेजारी अनुकंपादान आणि उचितदान कशाला मांडलंय मग? पाणी मागणाऱ्या बाईला आपण काही पडगाहन करून आहार देत नाही. तिला तहान लागलीय.

आणि त्याच ग्रंथात, सातव्या अध्ययनात, सद्दालपुत्र आहे. ही गोष्ट मला आनंदापेक्षा आपल्या आजच्या दाराशी जास्त जवळची वाटते. पोलासपूरचा हा कुंभार. गावाबाहेर त्याची पाचशे दुकानं. आधी गोशालकाच्या आजीविक पंथातला, मग महावीरांचा श्रावक झाला. हे कळल्यावर गोशालक त्याला परत वळवायला आला, चेल्यांना घेऊन. म्हणजे आजच्या भाषेत प्रचारकच, तोही साधासुधा नाही, हातातून गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला निघालेला. सद्दालपुत्र उठला नाही, नमस्कार केला नाही, गप्प बसून राहिला. मग गोशालकानं महावीरांची स्तुती सुरू केली. सद्दालपुत्रानं विचारलं, माझ्या गुरूंशी वाद घालशील का? तो नाही म्हणाला. तेव्हा सद्दालपुत्र जे म्हणाला त्याचा भावार्थ असा: तू माझ्या गुरूंबद्दल खरं बोललास, म्हणून तुला पाट, फळी, अंथरूण, राहायला जागा देतो, यात धर्म आहे किंवा तप आहे म्हणून नव्हे. जा, माझ्या दुकानांत उतर. गोशालक उतरला. तिथं राहून त्यानं जमेल त्या युक्तीनं सद्दालपुत्राला वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी थकून निघून गेला.

बायांनो, यात काय नाही? खोटा आदर नाही, लाळघोटेपणा नाही, 'सगळे धर्म सारखेच' असली गुळमुळीत भाषा नाही. मी हे पुण्य म्हणून करत नाही, हे त्यानं तोंडावर सांगितलं. आणि तरी अंथरूण दिलं. गोशालकानं स्तुती केली म्हणून दिलं, असं भाभी म्हणाल्या. बरोबर. पण आल्या कामाचा त्याला पत्ता नव्हता असं कोण म्हणेल? आपल्या दाराशी येणाऱ्या बाईकडे तर एक पिशवी आणि दहा मिनिटं.

पुढचा मुद्दा पोरांचा. "मुलांच्या मनावर परिणाम होतो हो." आठ-आठ वर्षं पाठशाळेत गेलेलं पोर दहा मिनिटांच्या बोलण्यानं वाहून जात असेल, तर फोटो त्या बायांचा काढू नका, पाठशाळेचा काढा. आपण मुलांना काय नाही खायचं ते शिकवतो. कांदा नाही, बटाटा नाही, रात्री नाही. का नाही, ते विचारलं की 'पाप लागतं' म्हणून गप्प करतो. मग कुणी दाराशी येऊन 'देव कुठं आहे' असं विचारलं की घरातल्या मोठ्यांचीच तारांबळ. सृष्टीचा कर्ता आपण मानत नाही, एवढं वाक्य शांतपणे सांगता आलं तरी अर्धी चर्चा तिथंच मिटते. ते सांगता येत नाही म्हणून कडी लावायची!

आणि कामवाल्या बायांना फितवतात, हा आरोप. लोभ दाखवून, धाक घालून, फसवून धर्म बदलायला लावणं वाईटच, आणि त्यासाठी गुजरातेत २००३ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक केलाय. जिथं तसं घडतं तिथं कायद्यानं जा. पण मी एक विचारते. आपल्या किती स्वयंपाकघरांत कामवालीचा कप वेगळा आहे? ओट्याखाली, पालथा घातलेला. तिच्या पोराचं नाव किती जणींना ठाऊक आहे? त्या बाया जिन्यात तिच्या शेजारी फरशीवर बसतात, तिचं नाव विचारतात, पोराच्या तापासाठी डोळे मिटून दोन शब्द बोलतात. त्याला तुम्ही फितवणं म्हणा. ती त्याला काय म्हणते, हे आपण कधी विचारलं नाही.

माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं नाव आदरानं घ्यायची. १८९४ साली तिथं डॉ. वान्लेस यांनी ते उभं केलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वान्लेसवाडीला त्यांचंच नाव आहे. आमच्या भागातल्या जैन घरांतली कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आली. येशूच्या गोष्टी तिथं कानांवर पडत, आजी त्या ऐकायची, आणि घरी येऊन देवदर्शनाशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. तिला कुणी जपून ठेवावं लागलं नाही.

आता आपल्या माणसांचं बघा. १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेला आत्मारामजी महाराजांना बोलावणं आलं. साधूनं जहाजात बसायचं नाही, म्हणून महुव्याच्या वीरचंद गांधींना पाठवलं. एकोणतिशीतला पोरगा. परिषद संपल्यावर तो अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्यानं देत फिरला, ख्रिस्ती माणसांपुढं, त्यांच्याच गावांत. लोकांनी खुर्च्या मांडून ऐकलं. पुढं १९८० मध्ये आचार्य तुलसींनी समण श्रेणी काढली, परदेशी जाऊन धर्म सांगता यावा हाही त्यामागचा हेतू. आपण गेलो की धर्मप्रभावना, ते आले की घुसखोरी?

संख्येचाही विचार करा. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास, शंभरात अर्धासुद्धा नाही. २००६ मध्ये इथल्याच विधानसभेनं त्याच कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि जैन-बौद्धांना हिंदू धर्माचे पंथ धरलं, तेव्हा आपली माणसं उठली होती. आम्ही कोण ते आम्ही ठरवू, म्हणाली. राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं, २००८ मध्ये ते मागं घेतलं गेलं. आपलं वेगळेपण जपायला राज्यघटनेचं २५ वं कलम हवं, आणि त्याच कलमात लिहिलेला धर्मप्रसाराचा हक्क समोरच्या बाईनं वापरला की वॉचमन हवा, हे मला पटत नाही.

फोटो काढून टाका म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, हे करू नका. डांग इथून फार लांब नाही. १९९८ च्या नाताळात आहव्याच्या आसपास काय झालं ते आपल्या वयाच्या बायांनी वर्तमानपत्रांत वाचलंय. प्रार्थनाघरं जाळली, मोडली गेली. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी स्वतः तिथं आले. ग्रुपवर टाकलेला फोटो कुणाच्या हाती पडेल हे टाकणारीच्या हातात राहत नाही. ज्या तोंडाला मुखवस्त्रिका बांधून आपण वाऱ्यातला जीव जपतो, त्याच घरातून दोन अनोळखी बायांची तोंडं जमावापुढं टाकायची?

मी दार उघडते. बसायला सांगते, जिन्यात ऊन असेल तर आत. मडक्यातलं गाळलेलं पाणी देते. त्या बोलतात ते पाच-दहा मिनिटं ऐकते आणि मग सरळ सांगते, "बेन, मी जैन आहे, मला धर्म बदलायचा नाही. पुस्तक घेणार नाही, कारण वाचून होणार नाही आणि तुमचं पवित्र ते मला रद्दीत टाकायचं नाही." 'हो हो, बघते' म्हणून पुस्तक घ्यायचं आणि भाजीच्या सालींसोबत डब्यात टाकायचं, हे मला असत्यच वाटतं, कितीही गोड बोललं तरी. कुणी दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायला लागलं, घरातल्या आजारी माणसाच्या उशाशी बसून भीती घालायला लागलं, तर मी उठते आणि दार दाखवते. तसं आजवर एकदाच झालं. बाकीच्यांनी पाणी पिऊन भांडं उपडं ठेवलं, आणि एकीनं जाता जाता विचारलं, तुम्ही पाणी फडक्यातून का गाळता? पायऱ्यांवर उभ्या उभ्या तिला पंधरा मिनिटं सांगत होते. माझी आमटी लागली.