तिसऱ्या रुग्णाचे औषध

अपस्मारावर नवे औषध आले की बातमी हमखास छापून येते. त्या औषधाने किती जणांच्या फिट पूर्ण थांबल्या, हे मात्र बातमीत सहसा नसते. हा हिशेब ग्लासगोच्या डॉक्टरांनी चिकाटीने ठेवला. पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी 2000 साली त्यांच्याकडच्या, आधी कोणतेच औषध न घेतलेल्या 470 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पहिल्याच औषधाने 47 टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांच्या. त्यापुढे आकडा जवळपास हललाच नाही. साधारण दर तीन रुग्णांतला एक तसाच राहिला.

2018 मध्ये त्याच शहरातून पुढचा हिशेब आला. 1982 ते 2012 या काळात उपचार सुरू झालेले 1,795 रुग्ण त्यात होते. मधल्या काळात डझनभर नवी औषधे बाजारात आली होती. फिटमुक्त रुग्णांचे प्रमाण निघाले 64 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे होते तिथेच. नव्या गोळ्यांनी त्रास कमी झाला, गुंगी कमी झाली, हिरड्या सुजणे गेले. हे सगळे खरे आणि मोलाचे आहे. पण तिसऱ्या रुग्णाच्या वाट्याला काही आले नाही.

असे का झाले? माझ्या मते दोष औषधे निवडणाऱ्या चाळणीचा आहे.

1930 च्या दशकात बोस्टनमध्ये ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेचा धक्का देऊन फिट आणण्याची आणि ती कोणत्या रसायनाने अडते ते पाहण्याची पद्धत बसवली. त्यातून फेनिटॉइन हाती लागले. हे रसायन 1908 पासून पडून होते, त्याचा उपयोग कुणाला माहीत नव्हता. व्हॅल्प्रोएट तर निव्वळ अपघाताने सापडले. 1882 मध्ये तयार झालेला हा पदार्थ प्रयोगशाळेत द्रावक म्हणून वापरत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार दुसरीच रसायने तपासत होते. ती विरघळत नसल्याने त्यांनी हा द्रावक घेतला, तर प्रत्येक बाटलीतले मिश्रण फिट रोखू लागले. गुण बाटलीतल्या औषधाचा नव्हता, ते विरघळवणाऱ्या पदार्थाचा होता!

पुढे हा शोध सरकारी पातळीवर पद्धतशीर सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1975 मध्ये एक कार्यक्रम आखला: कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी रसायने पाठवायची, त्यांची तपासणी सॉल्ट लेक सिटीतल्या यूटा विद्यापीठात फुकट व्हायची. तीस हजारांहून अधिक रसायने या वाटेने गेली. खासगी कंपन्यांना ज्यात लगेच नफा दिसत नाही, तिथे सरकारने पदरमोड करून वाट मोकळी करावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण मुख्य परीक्षा दोनच होत्या: विजेच्या धक्क्याने येणारी फिट आणि एका रसायनाच्या इंजेक्शनने येणारी फिट. दोन्ही धडधाकट उंदरांवर. ज्यांच्या मेंदूत आजार आहे आणि जे औषधांना दाद देत नाहीत, अशा रुग्णांसाठीचे औषध निरोगी उंदरांवर निवडले जात होते. जुन्या औषधांसारखीच औषधे या चाळणीतून पुन्हा पुन्हा खाली पडली, यात नवल ते काय?

लेव्हेटिरासिटॅमची गोष्ट त्यामुळेच सांगण्यासारखी आहे. आज आपल्याकडे मेंदूविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर हे नाव सर्रास दिसते. (मूल चिडचिडे झाले, अशी तक्रार करणारे आईबापही बरेच भेटतात, तो याच गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे.) बेल्जियमच्या यूसीबी कंपनीने हे रसायन स्मरणशक्तीच्या औषधांच्या शोधात बनवले होते. वरच्या दोन्ही परीक्षांत ते सपशेल नापास झाले. नियमाप्रमाणे ते तिथेच फेकून दिले जायचे. पण संशोधकांनी ते वेगळ्या प्राण्यांवर घालून पाहिले. मोठा आवाज झाला की फिट येणारे उंदीर होते, आणि मेंदूला रोज थोडा थोडा विजेचा स्पर्श देऊन ज्यांच्यात अपस्मार हळूहळू रुजवला होता असेही होते. तिथे औषध चालले. 1999 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ते मेंदूत नेमके कुठे चिकटते, हे 2004 मध्ये कळले. एसव्ही2ए नावाच्या त्या प्रथिनाचा आधी कुणी विचारही केला नव्हता. चाळणी बदलल्यावर औषधही वेगळे निघाले.

दुसरी अडचण माणसांवरच्या चाचण्यांतली. फिट निम्म्याने कमी झाल्या की या चाचण्यांत औषध ‘यशस्वी’ ठरते. महिन्याला आठ फिट येणाऱ्याला चार येऊ लागल्या, तर कागदावर तो यशस्वी रुग्ण. त्याला दुचाकी चालवता येत नाही, विहिरीवर एकटे जाता येत नाही, घरातल्या बाईला चुलीपुढे बसायची भीती वाटते, यातले काहीही बदललेले नसते. फिट पूर्ण थांबणे हाच निकष धरला तर बहुतेक नव्या औषधांचे आकडे केविलवाणे दिसतात. दक्षिण कोरियात शोधलेल्या आणि 2019 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या सेनोबामेटबद्दल म्हणूनच कुतूहल आहे. एका चाचणीत वरच्या मात्रेवर 21 टक्के रुग्णांना त्या टप्प्यात एकही फिट आली नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 1 टक्का होते. आणि हे सगळे आधीच्या औषधांनी न भागलेले रुग्ण होते.

दुर्मीळ आनुवंशिक प्रकारांत गेल्या काही वर्षांत खरी हालचाल दिसते. ड्रॅव्हे सिंड्रोम या त्यांतल्याच एका प्रकाराच्या मुलांसाठी 2018 मध्ये गांजाच्या झाडातले कॅनाबिडिऑल आले. 2020 मध्ये फेनफ्लुरामिन आले. वजन घटवण्याचे हे औषध हृदयाच्या झडपांना इजा करते म्हणून 1997 मध्ये बाजारातून काढले होते. एकाच मुलीच्या जनुकीय दोषासाठी बोस्टनमध्ये खास औषध घडवले गेले, तेही याच काळात. विज्ञान म्हणून हे थक्क करणारे आहे, पण त्यांच्या किमतींबद्दल इथे न बोललेलेच बरे. मेंदूविकारांचे संशोधन महाग आणि बेभरवशाचे म्हणून फायझरसारख्या कंपनीने 2018 मध्ये अल्झायमर आणि पार्किन्सनवरची नवी औषधे शोधणेच थांबवले.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. आजवरची जवळजवळ सगळी औषधे फिट दाबतात, आजार होण्यापासून रोखत नाहीत. 1990 मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी डोक्याला गंभीर मार लागलेल्या 404 जणांवर फेनिटॉइनची चाचणी घेतली. पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या. पुढे जडणारा अपस्मार टळला नाही. मेंदूला इजा झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत महिने-वर्षे जातात. त्या काळात आत काहीतरी घडत असते आणि ते अडवणारी गोळी आपल्याकडे नाही.

ती शोधायची तर रुग्ण हवेत, आणि इथे भारताची पाळी येते. आपल्याकडे अपस्माराचे एक मोठे कारण म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीने मेंदूत केलेली गाठ. डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्या घरातही ती होते, कारण अंडी घाण पाण्यातून आणि कच्च्या भाजीतून पोटात जातात. सीटी स्कॅनमध्ये दिसणारी अशी एकटी गाठ पूर्वी सरसकट क्षयाची समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या मॅथ्यू चँडी आणि वेदांतम राजशेखर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की यातल्या बहुतेक गाठी कृमीच्या आहेत. हा भारतीय शोध होता, आणि त्याने असंख्य रुग्णांची नाहक औषधे वाचवली.

या रुग्णांत इजा कुठे आहे ते स्कॅनवर दिसते. अनेकांची गाठ विरून जाते, काहींच्या मेंदूत चुन्याचा ठिपका उरतो आणि अशांना पुन्हा फिट येण्याचा धोका अधिक असतो. आजार रोखणारे औषध तपासायला याहून योग्य गट कोणता? असे रुग्ण श्रीमंत देशांकडे पुरेसे नाहीत, आपल्या जिल्हा रुग्णालयांत आहेत. दुसऱ्यांनी शोधलेली औषधे स्वस्तात बनवण्यात आपण तरबेज आहोत, आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण हा प्रश्न सोडवण्यात बोस्टन किंवा ब्रसेल्सच्या कंपनीला रस असण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ही चाचणी हाती घ्यावी, अनेक राज्यांत एकाच वेळी, आणि त्यासाठी वेगळा निधी ठेवावा.

नवी औषधे येतील तेव्हा येतील. तोवर ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. घरात व्हॅल्प्रोएट घेणारी वयात आलेली मुलगी असेल तर लग्न ठरण्याची वाट न पाहता आताच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग आढळते. पण लोकांना कळेल या भीतीने गोळी परस्पर बंद करू नका, ते त्याहून घातक. अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण 1999 मध्येच कायद्यातून काढून टाकले आहे.

आणि दोन औषधे योग्य मात्रेत, न चुकता घेऊनही फिट थांबत नसतील तर तिसऱ्या-चौथ्या गोळीवर वर्षे घालवू नका; शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या 116 मुलांवर झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी 77 टक्के फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर राहिलेल्यांपैकी 7 टक्के.