पहिला वाढदिवस कोणाचा?

मूल एक वर्षाचे झाले याचा आनंद किती जणांना व्हावा, याला मर्यादा नाही. तो किती कचऱ्यातून व्यक्त व्हावा, याला मात्र असावी. आमच्या परिचयातील मध्यमवर्गीय मराठी घरांत पहिल्या वाढदिवसाचे जे रूप आता रूढ झाले आहे, त्यावर आम्हांला आक्षेप नोंदवायचा आहे. भाड्याचे कार्यालय, फुग्यांची कमान, थर्माकोलमध्ये कोरलेले बाळाचे नाव, तीन मजली केक, दीडशे पाहुणे आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हाती चकचकीत वेष्टनातले 'रिटर्न गिफ्ट'. उत्सवमूर्ती मात्र अनोळखी चेहऱ्यांना आणि फुटणाऱ्या फुग्यांना घाबरून रडत असते, किंवा कोणाच्या तरी खांद्यावर झोपलेली असते.

प्रथम कबुली. 2009 साली आमच्या मुलाचा पहिला वाढदिवस आम्ही असाच केला. पुढच्या वर्षी महाविद्यालयातील एका सेवकाने आपल्या मुलीच्या वाढदिवसाचे निमंत्रण दिले. तेच कार्यालय, तशीच कमान. त्यासाठी त्याने पतपेढीतून कर्ज काढल्याचे मागाहून कळले. विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, तुमच्याकडं बघितलं होतं ना." या वाक्याला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. 'आमचा पैसा, आमची हौस' हा युक्तिवाद तेव्हापासून आम्हांला पटेनासा झाला. शिक्षकाचा समारंभ हाही एक धडाच असतो, आणि तो वर्गातल्या धड्यापेक्षा लवकर पाठ होतो.

कायद्याची बाजूही पाहू. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या बंदीत फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, थर्माकोलची सजावट, प्लॅस्टिकचे पेले-चमचे, मिठाईच्या डब्यांवरचे आणि निमंत्रणपत्रिकांवरचे प्लॅस्टिकचे आवरण, हे सारे येते. जणू कोणी वाढदिवसाच्या सामानाची यादी समोर ठेवूनच ही अधिसूचना लिहिली! तरीही पर्यावरणावरील निबंधस्पर्धेचे परीक्षण करणारे आमचे व्यवसायबंधू संध्याकाळी त्याच कमानीखाली छायाचित्र काढून घेतात.

साधेपणाचा आग्रह ही परक्या देशातून आलेली टूम आहे, असे काहींचे म्हणणे. वास्तविक तिला येथेच सशक्त पूर्वपरंपरा आहे. गाडगेबाबांनी (1876–1956) आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत मोडून साधे गोड जेवण घातले होते. ऋण काढून सण करू नका, हे त्यांनी पुढे आयुष्यभर गावोगावी सांगितले. मुलाच्या जन्माचा आनंद सावकाराच्या वहीत उतरू नये, हे त्यामागचे भान होते. आज वहीची जागा मासिक हप्त्याने घेतली, एवढेच.

परंपरेचे सरसकट गुणगान आम्ही करीत नाही. औक्षणाच्या वेळी विधवा आजीला मागे उभे करणारी रीत आम्हांला परत नको. पण बोरन्हाणात चुरमुरे, बोरे, उसाचे करवे मुलाच्या अंगावरून ओघळत आणि जमलेली पोरे ते वेचून खात. सोहळा संपला की कचरा म्हणून फार काही उरत नसे. जुन्या लुगड्याचे दुपटे एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाई. ही काटकसर होती, तशीच ती नात्याची भाषाही होती. 'रिटर्न गिफ्ट' या शब्दात नाते नाही, हिशेब चुकता केल्याची पावती आहे.

आता एक नवा धोका: साधेपणाचेही प्रदर्शन. तागाच्या पिशवीत रोपटे, त्यावर बाळाचे नाव छापलेले, आणि या सगळ्याचे शंभर फोटो. पुढे पाणी न मिळून ते रोप वाळते. कमी कचरा म्हणजे मुळात कमी वस्तू. महाग पर्यायी वस्तू नव्हेत.

मग करावे काय? बाळाची झोप झाल्यावर, दुपारी, घरातच पंधरा-वीस माणसे बोलवावीत. शेजाऱ्यांकडून स्टीलची ताटे आणावीत. दाराला झेंडूचे तोरण, कणकेचा दिवा, आणि ओवाळायला सर्वांत आधी आजी, मग ती सधवा असो वा विधवा. दोन वर्षांखालील मुलाला साखर नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा त्याला मऊ वरणभात, पाहुण्यांना शिरापुरी. आहेर आणायचाच असेल तर स्वतःच्या मुलाचे वापरलेले झबले किंवा चित्रांचे पुस्तक आणावे.

एक अट मात्र आहे. ती वीस ताटे घासण्याचे काम घरातल्या बायकांच्या किंवा कामवाल्या बाईंच्या माथी मारले, तर कचरा वाचेल आणि अन्याय उरेल. ताटे बाळाच्या वडिलांनी, मामा-काकांनी घासावीत.

बाळाला यातले काहीच आठवणार नाही, हे खरे. पाहणाऱ्यांना आठवेल. आमच्या त्या सेवकाला आठवले होते.